मोत्याची सॅक कोण भरणार?

दिवाळीची सुट्टी लागली की घराघरांत ट्रेकचे बेत शिजू लागतात. माळ्यावरच्या सॅक खाली येतात, बुटांच्या नाड्या तपासल्या जातात. ही गडबड पाहून घरातला मोत्या शेपूट हलवत दारात उभा! मग वाद पेटतो. "आई, त्यालाही नेऊ या ना!" "छे रे, तो कुठे डोंगर चढणार?"

दोन दिवसांच्या ट्रेकचं राहू द्या. एका कुत्र्याने चक्क आठ महिन्यांचा ट्रेक केला आहे!

ओरिएंट एक्स्प्रेस

अमेरिकेच्या पूर्व भागात 'अ‍ॅपलॅचियन ट्रेल' नावाची डोंगरवाट आहे. जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर डोंगरावरून ती निघते आणि १४ राज्यं ओलांडून मेन राज्यातल्या कटाडिन शिखरावर संपते. लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर. म्हणजे श्रीनगरहून रस्त्याने कन्याकुमारी गाठायची, जवळजवळ तेवढी!

मार्च १९९० मध्ये पन्नाशीला टेकलेले बिल आयर्विन ही वाट चालायला निघाले. ते अंध होते. वाट दाखवणाऱ्या झाडांवरच्या पांढऱ्या खुणा त्यांना दिसणारच नव्हत्या. सोबत होता ओरिएंट, त्यांचा जर्मन शेफर्ड जातीचा, वाट दाखवायला शिकवलेला कुत्रा. त्याच्याही पाठीवर खुर्जी होती. वाटेतले लोक या जोडीला 'ओरिएंट एक्स्प्रेस' म्हणू लागले. पाऊस, बर्फ, नद्यानाले पार करत, हजारो वेळा धडपडत, नोव्हेंबर १९९० मध्ये दोघांनी चाल संपवली. ही वाट सलग चालून पूर्ण करणारे आयर्विन हे पहिले अंध माणूस ठरले.

आता एक विचार करा. आयर्विन दमले की "आज बस्स!" म्हणू शकत होते. ओरिएंटचं काय? कुत्र्याला आपल्या माणसासोबत चालायचं एवढंच ठाऊक असतं. पाय सोलले, घसा कोरडा पडला, तरी तो मागे मागे येतच राहतो. त्याच्या वतीने "बस्स" म्हणायचं काम आपलं. तयारी करताना हे पहिलं लक्षात ठेवायचं.

आधी डॉक्टर, मग डोंगर

पहिली फेरी जनावरांच्या डॉक्टरांकडे. रेबीजची लस वेळेवर टोचलेली हवीच. लेप्टोस्पायरोसिसची लस आणि गोचिडांवरचं औषध यांबद्दलही विचारा. हृदय, सांधे, दात तपासून घ्या. वर्षाच्या आतल्या पिल्लाची हाडं अजून वाढत असतात. त्याला लांबची चाल नको आणि पाठीवर ओझं तर मुळीच नको. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना चढावर नीट श्वास घेता येत नाही. त्यांना घरीच राहू द्या.

दोन किलोमीटरपासून सुरुवात

परीक्षेचा अभ्यास एका रात्रीत होतो का? चालण्याचंही तसंच. पहिल्या आठवड्यात रोज दोन किलोमीटर, मग हळूहळू वाढवत न्यायचं. माती, खडक, चढ, उतार सगळ्यांवर चालवायचं. त्याने पंजाच्या गाद्या हळूहळू घट्ट होतात. रोज परतल्यावर पंजे उलटून पाहा. काटा, भेग किंवा फोड दिसला की पूर्ण बरं होईपर्यंत सुट्टी!

खुर्जी घालायची असेल तर आधी रिकामीच घाला. घरातल्या घरात फिरू द्या. मग दोन्ही बाजूंना सारखं वजन टाका. सुरुवातीला कुत्र्याच्या वजनाच्या दहाव्या भागाहून जास्त नको. म्हणजे मोत्या २० किलोचा असेल तर दोन्ही बाजूंचं मिळून दोन किलो. पट्ट्याखाली केस झिजलेले दिसले तर ओझं तुमच्या सॅकमध्ये!

ऊन आणि पाणी

आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांतून येतो, तोही थोडाच. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा पंखा. म्हणून चालायचं पहाटे आणि संध्याकाळी. कातळावर हाताची मागची बाजू टेकवून सावकाश सात अंक मोजा. हात भाजला तर त्याचे पाय भाजणारच.

त्याचं पाणी वेगळं न्या आणि दर थांब्याला थोडं थोडं पाजा. फार धापा, घट्ट लाळ, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणं. ताबडतोब सावलीत न्या, साध्या पाण्याने अंग भिजवा, वारा घाला आणि मोठ्यांना सांगून डॉक्टर गाठा.

तुमचा खाऊ, त्याचं विष

ट्रेकच्या सॅकमध्ये काय असतं? चॉकलेट, बेदाणे, कांदा-लसूण घातलेला चिवडा. नेमक्या याच गोष्टी कुत्र्याला घातक! त्याचं रोजचं खाणंच मोजून घ्या. चालण्याच्या दिवशी ते थोडं जास्त लागतं.

मोत्याची सॅक अशी भरा: रोजचं खाणं, पाणी, घडीचा वाडगा, मजबूत पट्टा आणि दोरी, गळ्यात फोन नंबरचा बिल्ला, लसीचं कार्ड, चिमटा, मलमपट्टी, पायमोजे, पुसायला कापड, बसायला जुनी सतरंजी आणि शी पुरायला छोटं खुरपं. खड्डा वीतभर खोल आणि पाण्यापासून ६० मीटर तरी लांब.

जंगलाचेही नियम असतात

अ‍ॅपलॅचियन ट्रेलवर ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातल्या आणि बॅक्स्टर उद्यानातल्या भागात पाळीव कुत्र्यांना बंदी आहे. ओरिएंट जाऊ शकला, कारण अंध माणसाला वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांना त्यातून सूट असते. आपल्याकडे हरिश्चंद्रगड, भीमाशंकर ही ट्रेकर्सची लाडकी ठिकाणं अभयारण्यांत येतात. तिथे कुत्र्याच्या वासाने, भुंकण्याने रानातले प्राणी बिथरतात, त्याचे रोग त्यांना जडू शकतात. आणि बिबट्याला कुत्रा म्हणजे सोपी शिकार! म्हणून अभयारण्यात मोत्याला नेण्याचा बेतच नको. बाहेरची वाट निवडा, ती अभयारण्याच्या हद्दीत येत नाही ना, हे आईबाबांना वनखात्याकडे विचारायला सांगा, आणि तिथेही दोरी सोडू नका.

एवढी तयारी करूनही निघायच्या सकाळी मोत्या लंगडला तर? वाईट वाटेल, रडूही येईल. पण त्या दिवशी त्याला आजीजवळ ठेवून जाणं, नाहीतर त्याच्यासाठी बेत पुढे ढकलणं, यातच खरी दोस्ती आहे. डोंगर काही पळून जात नाही!

तर मग, उद्या सकाळी दोन किलोमीटर. उठवायला मोत्या आहेच!