स्थिर कॅमेरा आणि हातांतला कॅमेरा

मुलाखतीचें चित्रण करतांना कॅमेरा तिवईवर ठेवावा कीं हातांत धरावा, हा प्रश्न वरवर यंत्राचा वाटतो. वस्तुतः तो बोलणाऱ्या माणसाचा आहे.

१९३५ सालीं एल्टन व ॲन्स्टी यांनीं लंडनच्या गलिच्छ वस्तीवर ‘हौसिंग प्रॉब्लेम्स’ हा माहितीपट काढला. त्या काळचीं ध्वनियंत्रें अवजड. एकदां मांडलीं कीं हलविणें कठीण. परंतु या अडचणींतूनच लाभ झाला. कॅमेरा निश्चल राहिला, आणि उंदीर-ढेकणांनीं गांजलेले रहिवासी आपली हकीकत थेट प्रेक्षकांकडे पाहून सांगूं लागले. पाहणाऱ्याचें लक्ष त्यांच्या मुद्रेवरून ढळत नाहीं.

पुढें यंत्रें हलकीं झालीं. १९६० सालीं पॅरिसमध्यें झां रूश व एद्गार मोरँ यांनीं ‘एका उन्हाळ्याची बखर’ अशा अर्थाच्या नांवाचा चित्रपट घेतला. कॅनडाहून आलेला मिशेल ब्रो हातांत कॅमेरा धरून माणसांबरोबर चालूं लागला. बोलणाऱ्यास खुर्चींत जखडण्याचें कारण उरलें नाहीं. याच चित्रपटांत नाझी छळछावणींतून परतलेली मार्सेलीन, खांद्याला ध्वनिमुद्रक अडकवून, एकटीच चालत आपल्या न परतलेल्या पित्याशीं बोलते. मोटारींतला कॅमेरा तिच्यापासून हळूहळू दूर जातो. शेजारीं कोणी नाहीं, म्हणूनच तिला तें बोलतां येतें.

तेव्हां चित्राचा कंप हें सत्याचें प्रमाण नव्हे. उगाच हालणाऱ्या चित्रांत प्रेक्षकास बोलणारा दिसत नाहीं, कॅमेरा धरणाराच दिसतो. माणूस बसून बोलत असेल तर कॅमेऱ्यानेंहि स्वस्थ बसावें; तो उठून चालूं लागला, तरच त्याच्याबरोबर निघावें.