शाळेचं आरोग्य: मुलांचं आणि बाईंचंही



आज आपण शाळेतल्या आरोग्याविषयी बोलणार आहोत. शाळेचं आरोग्य म्हटलं की मुलांची नखं, दात आणि वजन एवढंच आपल्याला आठवतं. पण त्याच शाळेत बाई असतात, गुरुजी असतात, खिचडी शिजवणाऱ्या मावशी असतात, काही ठिकाणी शिपाईमामा असतात. सहा-सात तास ही सगळी माणसं एका छपराखाली असतात, एकाच टाकीचं पाणी पितात. त्यामुळे मुलांचं आरोग्य आणि शिकवणाऱ्यांचं आरोग्य वेगवेगळं काढता येत नाही.

सुरुवात आपल्या अभिमानाच्या एका गोष्टीनं करते. शाळेत दरवर्षी डॉक्टरांची गाडी येते, मुलांना तपासते, हे तुम्ही पाहिलं असेल. हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. साऱ्या देशात चालणारा हा कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरमधून सुरू झाला. तेव्हा पालघर हा ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. आपला जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला.

या पथकात दोन डॉक्टर असतात, एक बाई आणि एक पुरुष. सोबत परिचारिका आणि औषधं देणारे असतात. ते अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा येतात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये चार प्रकारच्या गोष्टी शोधतात. एक, जन्मतः असलेले दोष, जसं फाटलेला ओठ, वाकडं पाऊल, हृदयाला छिद्र. दोन, पोषणाची कमतरता, जसं अंगात रक्त कमी असणं. तीन, लहानपणीचे आजार, जसं कान वाहणं, दात किडणं, दमा, फिट येणं. आणि चार, वाढीतला उशीर, म्हणजे मूल उशिरा बोलतं, नीट ऐकू येत नाही, नीट दिसत नाही. अशा तीस प्रकारच्या तक्रारी त्यांच्या यादीत आहेत. काही सापडलं तर मुलाला पुढच्या दवाखान्यात पाठवतात आणि तिथले उपचार मोफत असतात. गरज पडली तर शस्त्रक्रियासुद्धा.

मग अडतं कुठे? अडतं ते चिठ्ठीपाशी.

पथक तपासतं, चिठ्ठी लिहितं, चिठ्ठी मुलाच्या दप्तरात जाते. घरी आई संध्याकाळी कामावरून दमून येते. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, पुढील तपासणीसाठी पालघरला न्यावे. आतल्या पाड्यावरून सफाळे स्टेशनला यायचं, गाडी धरून पालघर गाठायचं, रांगेत उभं राहायचं. त्या दिवसाची मजुरी बुडणार. तिथे गेल्यावर मोठे डॉक्टर अमुक वारी बसतात असं कळलं, तर दुसरा दिवसही जाणार. तेवढ्यात लावणी येते, मग कापणी, आणि दिवाळीनंतर कित्येक कुटुंबं वीटभट्टीवर निघून जातात. चिठ्ठी दप्तरातच राहते. पुढच्या वर्षी पथक येतं आणि तीच चिठ्ठी पुन्हा लिहितं.

यात आईला दोष देऊन भागत नाही. पण चिठ्ठी पडून राहिली की काय होतं, ते मात्र समजून घ्यायला हवं. कान वाहतो, यात काय एवढं, असं आपण म्हणतो. पडद्याला भोक पडून कान सारखा वाहत राहिला, तर मुलाला कमी ऐकू येऊ लागतं. ते मागच्या बाकावर बसलेलं असतं. बाईंचं अर्धंच ऐकतं, उत्तर चुकतं, आणि त्याच्यावर ढ असा शिक्का बसतो. त्याची बुद्धी कमी नसते, त्याचा कान दुखरा असतो. अशा कानात गरम तेल घालू नका, पाणी जाऊ देऊ नका, दवाखान्यात न्या. डोळ्याचंही तसंच. एका डोळ्यानं कमी दिसत असेल तर मेंदू हळूहळू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. सहा-सात वर्षांच्या आत चष्मा मिळाला तर बरंच सुधारतं, नंतर अवघड होत जातं.

म्हणून एक साधी सोय करता येते. पथकानं पाठवायला सांगितलेल्या मुलांची यादी शाळेत एका वहीत ठेवायची. कोण जाऊन आलं, कोण राहिलं, ते त्यात लिहायचं. आणि एका पाड्यावरच्या तीन-चार आयांनी एकाच दिवशी, आशाताईंना सोबत घेऊन जायचं. कोणते डॉक्टर कोणत्या वारी असतात हे आशाताईंना आधी विचारता येतं. एकटी बाई मोठ्या दवाखान्यात बावरते, चौघी मिळून गेल्या की काम होतं. भट्टीवर जाणार असाल तर चिठ्ठ्या आणि दवाखान्याचे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्या.

आता पाण्याकडे आणि संडासाकडे येऊ. हा विषय बोलायला संकोच वाटतो, पण मुलींच्या आणि बाईंच्या तब्येतीचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेत पिण्याचं सुरक्षित पाणी आणि मुलामुलींसाठी वेगळी शौचालयं असलीच पाहिजेत असं म्हटलं आहे. खोली बांधलेली असते, पण आत पाणी नसतं, कडी तुटलेली असते किंवा कुलूप असतं. मग मुली काय करतात? सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आणि बाई काय करतात? त्याही पीत नाहीत. विरार-वसईकडून गाडीनं येणाऱ्या शिक्षिका तर घरातून निघतानाच पाणी टाळतात. आपल्या भागात गाड्या कमी, एक चुकली की बराच वेळ ताटकळायचं. तेवढ्या वेळात लघवीला जायची सोय मिळेल याची खात्री नसते.

पाणी कमी आणि लघवी रोखून धरलेली, यातून लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होतो. जळजळ, ओटीपोटात दुखणं, ताप. पुन्हा पुन्हा झालं तर मूत्रपिंडापर्यंत त्रास जातो. डोकं दुखणं आणि बद्धकोष्ठता वेगळीच. पाळीच्या दिवसांत मुलगी घरी राहते, महिन्याचे दोन-तीन दिवस बुडतात, आणि गणिताचा जो धडा बुडाला तो पुढे कळत नाही. शौचालयात बादलीभर पाणी, आतून लागणारी कडी, झाकणाचा डबा आणि बाईंच्या कपाटात चार जादा पॅड एवढ्यानं हे दिवस वाचतात.

आपल्या आदिवासी भागात काही मुलांना सिकलसेलचा आजार असतो. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यानं हातपाय भयंकर दुखतात. अशा मुलानं भरपूर पाणी प्यायला हवं, म्हणजे त्याला लघवीलाही वारंवार जावं लागतं. कडक थंडी आणि अतिश्रम त्याला सोसत नाहीत. घरी हे माहीत असेल तर वर्गशिक्षकांना नक्की सांगा. नाहीतर सारखा बाहेर जातो, कवायतीला टाळाटाळ करतो, म्हणून त्यालाच बोलणी बसतात.

आता गोळ्यांविषयी. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, तरुण मुलींचंही तेच. म्हणून शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची गोळी देतात. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी, दहाच्या पुढच्यांना निळी. ती उपाशीपोटी घ्यायची नाही, जेवणानंतर घ्यायची. मग तासभर चहा नको, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू, आवळा चांगला. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. मूल सिकलसेलचं असेल तर लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्या. वर्षातून दोनदा जंताची गोळी मिळते, ती चावून खायची. एखाद्याला थोडं मळमळतं, पण ते लवकर थांबतं. या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही अशी अफवा मधूनमधून उठते, ती खोटी आहे. बाईंनी मुलांसमोर स्वतः लोहाची गोळी घ्यावी, असं या कार्यक्रमातच सांगितलेलं आहे. मुलांची भीती जाते आणि बाईंनाही रक्ताची गरज असतेच.

शाळेतल्या जेवणाचंही मोजमाप ठरलेलं आहे. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, एकूण ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. पंचवीस मुलांपर्यंत एक स्वयंपाकीण, शंभरापर्यंत दोघी. या मावशींना मिळतं ते मानधन, पगार नाही. बंद खोलीत धुरात शिजवताना त्यांचा खोकला वाढतो, जड पातेली उतरवताना कंबर जाते. खिडकी उघडी असावी, पातेलं दोघींनी धरावं, आणि पथक शाळेत येईल त्या दिवशी मावशींचाही रक्तदाब बघायची विनंती करावी. विनंती केली तर डॉक्टर सहसा नाही म्हणत नाहीत.

आता बाई आणि गुरुजींकडे वळू. शिक्षकाचं अवजार म्हणजे आवाज. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना, शेजारच्या वर्गाचे पाढे चालू असताना, दिवसभर ओरडून शिकवलं की स्वरतंतूंना सूज येते, कधी बारीक गाठी होतात. दर तासाला दोन घोट पाणी प्यावं. मुलांना गप्प करायला ओरडण्याऐवजी टाळी किंवा घंटी वापरावी. सारखं खाकरणं टाळावं. आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला तर घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.

मनावरचा ताण याहून मोठा. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतलं मदतकार्य सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं देऊ नयेत, असं शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम सांगतं. तरी कागद, फोटो आणि ऑनलाइन माहिती भरण्यात पुष्कळ वेळ जातो. दोनशिक्षकी शाळेत एक बाई बैठकीला गेल्या की दुसऱ्या सगळे वर्ग सांभाळतात. दमलेल्या माणसाचा तोल लवकर जातो आणि तो मुलांवर निघतो. मारणं आणि मानसिक छळ, दोन्हीला त्याच कायद्याच्या १७ व्या कलमानं बंदी आहे, आणि ती हवीच. पण नुसती बंदी करून भागत नाही, बाईंवरचं ओझंही कोणीतरी बघायला हवं.

मुलांच्या मनाचं दुखणं अंगावर दिसत नाही. बडबडं मूल गप्प झालं, खेळणं सोडलं, सारखं पोट दुखतं म्हणू लागलं, झोप उडाली, शाळेत यायला रडू लागलं, तर त्याला शेजारी बसवून विचारा. लगेच उपदेश करू नका, आधी ऐकून घ्या. मरणाची भाषा कोणी केली तर ती नाटक समजून सोडून देऊ नका. त्या मुलाला एकटं ठेवू नका. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत फोन चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तो मुलांसाठी आहे, तुमच्यासाठी आहे आणि बाईंसाठीही आहे. मुलावर कोणी अत्याचार करत असेल तर १०९८ वर सांगा.

हे सगळं नवं आहे असं समजू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, हेच केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना बोल लावला नाही, का येत नाहीत ते शोधलं. थोरली बहीण धाकट्याला सांभाळते म्हणून येत नाही, तर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. मुलं गुरं राखायला जातात, तर शाळा कुरणावर नेली. अंघोळ, केस विंचरणं, नखं कापणं हाही शिक्षणाचाच भाग मानला. ही परंपरा आपल्याच जिल्ह्यातली आहे.

आणि आपल्या हातात एक अधिकारही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य बायका असायलाच हव्यात. पुष्कळदा आपण सही करून परत येतो. पुढच्या बैठकीला चार प्रश्न विचारा. पथकानं पाठवायला सांगितलेली किती मुलं दवाखान्यात जाऊन आली? मुलींच्या शौचालयात आज पाणी आहे का? स्वयंपाकाच्या मावशींना काही अडचण आहे का? आणि चौथा प्रश्न, जो सहसा कोणी विचारत नाही: बाई, तुमची तब्येत कशी आहे?

उत्तरं वहीत लिहून घ्या, आणि त्याच्या पुढच्या बैठकीत तीच वही उघडा.