फावड्याआधी नोंदवही

महाराष्ट्रात ३९० हून अधिक किल्ले असल्याचे सांगितले जाते; त्यांपैकी ११ किल्ले, तमिळनाडूतील जिंजीसह, जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. ‘संरक्षित स्मारक’ म्हणजे केंद्राच्या १९५८ च्या किंवा राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली अधिसूचना काढून शासनाने ज्याची जबाबदारी घेतली आहे असे स्मारक, आणि या अर्थाने संरक्षित असलेल्या किल्ल्यांची संख्या एकूण किल्ल्यांच्या मानाने थोडीच आहे. उरलेले किल्ले, गावोगावच्या बारवा, वेशी, घाट, मठ, वाडे, पारावरचे वीरगळ ही सगळी मालमत्ता कागदोपत्री कधी वनखात्याची, कधी ग्रामपंचायतीची, कधी खासगी असते, परंतु तिची प्रत्यक्ष देखभाल करणारे कोणी असलेच, तर ते बहुधा सुट्टीच्या दिवशी घमेली आणि फावडी घेऊन येणारे गावातले किंवा जवळच्या शहरातले हौशी कार्यकर्ते असतात. दुर्गसंवर्धन हा शब्द आता जो सर्वतोमुखी झाला आहे, तो या मंडळींमुळे. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या कामाच्या क्रमाचा.

हा क्रम किती महत्त्वाचा असतो, ते बारवेच्या उदाहरणावरून सर्वांत स्पष्ट दिसते. बारव म्हणजे पाण्यापर्यंत पायऱ्यांनी उतरता येईल अशी बांधीव विहीर; वास्तुशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत प्रवेशमार्गांच्या संख्येवरून तिचे नंदा, भद्रा, जया आणि विजया असे चार प्रकार केले आहेत, म्हणजे एका बाजूने उतरण्याची सोय असेल ती नंदा आणि चारही बाजूंनी असेल ती विजया. नळपाणी योजना आल्यावर गावाचा तिच्याशी असलेला रोजचा संबंध तुटला, मग वरची माती पावसाबरोबर आत आली, कोणी राडारोडा टाकला, निर्माल्य टाकले, आणि दोन पिढ्यांत पायऱ्या दिसेनाशा झाल्या. अशी बारव मोकळी करण्याचे श्रमदान गेल्या काही वर्षांत अनेक जिल्ह्यांत झाले असून पाणी वाढावे हा त्यामागचा साधा, खरा आणि गावाला पटणारा हेतू असतो.

तथापि, बारवेतला गाळ हा केवळ अडथळा नसतो. तो थराथराने साचलेला असतो, आणि सर्वांत वर प्लास्टिक, त्याखाली कौलांचे तुकडे व तांब्यापितळेची भांडी, त्याखाली जुनी खापरे, ढासळलेल्या कोनाड्यांचे दगड, क्वचित पाण्यात सोडलेली मूर्ती असा तो क्रम त्या विहिरीच्या वापराची आणि ती सोडून दिल्याच्या काळाची एकमेव नोंद असू शकतो. यंत्राच्या एका खोऱ्यात हा सगळा क्रम मिसळून ट्रॉलीत पडला की त्यातून निघालेली वस्तू संग्रहालयात ठेवता येते, पण ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी आणि किती खोलीवर होती हे सांगता येत नाही. अशी वस्तू इतिहासकाराच्या दृष्टीने जवळजवळ मुकी असते. याशिवाय स्थापत्याचा धोका वेगळाच आहे. गाळाने आणि पाण्याने भरलेल्या विहिरीत आतला दाब आणि भिंतीमागच्या ओल्या मातीचा दाब एकमेकांना तोलून धरत असतात. मोठे पंप लावून एका दिवसात विहीर उपसली तर आतला आधार एकदम नाहीसा होतो, बाहेरची माती मात्र पाणी धरून फुगलेलीच राहते, आणि शेकडो वर्षे उभी असलेली भिंत आत ढासळते. म्हणून पाणी टप्प्याटप्प्याने कमी करावे, प्रत्येक टप्प्याला दगडांच्या सांध्यांकडे लक्ष ठेवावे आणि पावसाळ्याच्या तोंडावर हे काम काढू नये, हे तंत्र विहिरी खणणाऱ्या जुन्या कारागिरांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

साताऱ्याजवळच्या लिंब येथील बारा मोटेची विहीर हे नोंदीचे मोल दाखवणारे चांगले उदाहरण आहे. मोट म्हणजे बैलांनी ओढून पाणी काढण्याची चामड्याची पखाल. विहिरीचे नाव बारा मोटांचे असले तरी तिच्यावर पंधरा मोटा चालतील अशी व्यवस्था आहे. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ही अष्टकोनी विहीर बांधवली, हे आज इतक्या निश्चितपणे सांगता येते, त्याचे कारण तिथला शिलालेख. ज्या बारवांना असा लेख नाही, किंवा होता आणि दुरुस्तीत उलटा बसवला गेला, त्या सगळ्या गावकऱ्यांच्या बोलण्यात अहिल्याबाईंच्या तरी होतात नाहीतर पांडवांच्या.

भिंतीत उगवलेल्या झाडांचीही गोष्ट अशीच आहे. वड, पिंपळ आणि उंबर यांच्या बिया पक्ष्यांच्या विष्ठेतून दगडांच्या सांध्यांत पडतात आणि तिथल्या चुन्यात, ओलीत रुजतात. रोप बोटाएवढे असताना ते मुळासकट काढणे सोपे आणि हिताचे असते, परंतु मूळ मनगटाएवढे झाल्यावर तेच भिंतीचा आधार बनलेले असते, आणि ते ओढून काढण्याच्या उत्साहात बुरुजाचा कोपराच खाली येतो. नुसत्या फांद्या छाटल्या तर पुढच्या पावसाळ्यात झाड दुप्पट जोमाने फुटते आणि मूळ आणखी जाड होते. अशा ठिकाणी फांद्या कमी करून मूळ जागच्या जागी मारावे लागते, ते वाळल्यावर थोडे थोडे काढावे लागते आणि मोकळ्या झालेल्या पोकळीत लगेच चुना भरावा लागतो. हे काम एका रविवारचे नसते, काही ऋतूंचे असते.

चुन्याचा उल्लेख आला आहे, तर त्याचेही थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे, कारण सदिच्छेने झालेली सर्वाधिक हानी इथेच झाली आहे. चुनखडीचे खडे भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजले की त्यातील कर्बवायू निघून जातो आणि चुनकळी उरते. ती पाण्यात विरवून, वाळूबरोबर घाणीत मळून जे मिश्रण होते ते भिंतीत बसल्यावर हवेतील तोच वायू हळूहळू परत शोषून घेते आणि पुन्हा दगड बनते. घाणी म्हणजे वर्तुळाकार दगडी चर आणि त्यात बैलांनी फिरवायचे जड दगडी चाक. अनेक किल्ल्यांवर ती आजही पाहायला मिळते. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, उडीद असे पदार्थ चुन्यात घालण्याची पद्धत प्रदेशाप्रमाणे बदलत असे. अशा चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेरही सोडते, जोत्याची किंचित हालचाल सोसते. तिच्या सांध्यांत सिमेंट भरले की ओलीची बाहेर पडण्याची वाट बंद होते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी साचून स्फटिक बनतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. सिमेंटची रेघ शाबूत राहते आणि तिच्या दोन्ही बाजूंचा दगड झिजतो. जीर्णोद्धार या नावाखाली मंदिरांच्या शिखरांना जो तैलरंग फासला जातो, त्याचाही परिणाम याच जातीचा आहे.

यापेक्षा वादग्रस्त प्रश्न किल्ल्यांना बसवल्या जाणाऱ्या नव्या लाकडी दरवाजांचा आणि तोफांसाठी केलेल्या नव्या गाड्यांचा आहे. गंजत पडलेली तोफ जमिनीवरून उचलून कोरडी ठेवणे निःसंशय योग्य होय. परंतु मूळ दरवाजाचे चित्र, माप किंवा अवशेष नसताना दुसऱ्या किल्ल्यावरचा दरवाजा पाहून तसा बनवणे ही कल्पनेची निर्मिती ठरते. १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे स्मारकांच्या जतनाविषयी तज्ज्ञांनी मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांच्या मसुद्यात, जिथे तर्क सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे असे सांगितले असून नव्याने घातलेला भाग जुन्यापासून ओळखू यावा अशी अपेक्षा ठेवली आहे. त्याआधी कितीतरी वर्षे, १९२३ मध्ये, भारतीय पुरातत्त्व विभागाचे तत्कालीन प्रमुख जॉन मार्शल यांनी आपल्या नियमावलीत नव्या रूपापेक्षा आहे त्याच्या रक्षणाला प्राधान्य दिले होते. दरवाजा बसवण्याच्या सोहळ्याने शेकडो तरुण गडावर येतात, हा त्याचा खरा लाभ आहे आणि तो कमी लेखता येणार नाही. मात्र त्या दरवाजावर तो कोणत्या वर्षी, कशाच्या आधारे घडवला याची एक छोटी पट्टी लावली, तर पुढच्या शतकातील अभ्यासकाची दिशाभूल टळेल.

स्वयंसेवी जतनाच्या महाराष्ट्रातील परंपरेत खरे तर दोन प्रवाह दिसतात. एक स्मरणाचा, ज्याचे ठळक रूप लोकमान्य टिळकांनी १८९५ मध्ये रायगडावरील शिवसमाधीच्या दुरुस्तीसाठी सुरू केलेल्या निधीच्या चळवळीत आणि पुढच्या वर्षीच्या रायगडावरील उत्सवात आढळते. दुसरा संग्रहाचा आणि नोंदीचा, ज्याचे अध्वर्यू इतिहासाचार्य वि. का. राजवाडे होत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाई येथे मिळालेली १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत आणि अस्सल कागदांच्या कसोटीवर बखरी कशा चुकतात हे त्याच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी निर्दयपणे दाखवले आहे. गावोगाव हिंडून, घराघरांतल्या माळ्यांवरची दप्तरे उलगडून हे काम झाले. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राजवाड्यांच्या निधनानंतर धुळ्यात उभे राहिलेले संशोधन मंडळ ही त्याच वृत्तीची फळे आहेत. दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये, दारांच्या चौकटी अशा रोजच्या वस्तू जमवून पुण्यात जे संग्रहालय घडवले आणि पुढे शासनाच्या हाती सोपवले, तेही याच परंपरेतले.

आजची दुर्गसंवर्धन चळवळ पहिल्या प्रवाहातून स्फूर्ती घेते आणि दुसऱ्याकडे जवळजवळ पाठ फिरवते. गडांवर उत्साहाने लावलेले माहितीफलक पाहिले की हे जाणवते: प्रत्येक चौकोनी टाके राणीचे स्नानगृह होते, प्रत्येक अंधारी खोली कैदखाना होते आणि प्रत्येक भेगेतून भुयार निघते. बखरींवर राजवाड्यांनी जो आक्षेप घेतला होता, तो या फलकांना शब्दशः लागू पडतो.

नोंद म्हणजे फार अवघड विद्या आहे असेही नाही. हात लावण्यापूर्वी वास्तूची चारही बाजूंनी, मोजपट्टी शेजारी ठेवून आणि उत्तर दिशा दाखवून छायाचित्रे घेणे, एक साधा मापांसह आराखडा काढणे, हलवलेल्या प्रत्येक दगडाला क्रमांक देणे आणि काम झाल्यावर तीच छायाचित्रे त्याच जागांवरून पुन्हा घेणे, एवढ्यानेही मोठा फरक पडतो. शिलालेखांच्या बाबतीत अक्षरांत खडू किंवा पीठ भरण्याची सवय मोडली पाहिजे, कारण भरणारा जे अक्षर आहे असे समजतो तेच त्यातून उमटते. सूर्य कलल्यावर किंवा बाजूने विजेरी धरून तिरप्या उजेडात घेतलेले छायाचित्र अधिक विश्वसनीय ठरते. रायगड जिल्ह्यातील आक्षी येथील गद्धेगळावरचा लेख, जो शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा मानून अनेक अभ्यासकांनी मराठीतील आद्य लेखांत गणला, तो गावातल्या रस्त्याकडेला असलेल्या दगडावरचाच होता. गद्धेगळ म्हणजे दिलेले दान मोडणाऱ्याला शिवी घालणारा, गाढवाचे चित्र कोरलेला दगड. गावातील असा कोणताही दगड शेंदूर लावून, तैलरंग देऊन किंवा ओट्यात चिणून टाकण्यापूर्वी पाहिला जावा, एवढे तरी या उदाहरणावरून मागता येते.

यात कायद्याचीही बाजू आहे, आणि ती कार्यकर्त्यांना पुष्कळदा ठाऊक नसते. संरक्षित स्मारकात परवानगीवाचून बदल करणे हा गुन्हा असून २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यात त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. असंरक्षित जागेतही गाळात नाणी किंवा मूर्ती सापडल्यास, १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार, दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाच्या जमिनीत दडलेल्या कोणत्याही वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. रीतसर मार्ग उपलब्ध आहेत. राज्य शासनाच्या महाराष्ट्र वैभव योजनेत संस्थांना राज्य संरक्षित स्मारक संगोपनासाठी घेता येते. परवानगीला वेळ लागतो ही तक्रार खरी आहे, पण तो वेळ मोजमापासाठी वापरता येण्याजोगा आहे.

शहरांत आणि बाजारपेठांच्या गावांत तर श्रमदानाला वावच नसतो. पेशवाई धाटणीचा वाडा घ्यावा: दिंडी दरवाजा, त्यामागची देवडी, चौक, सोपा, माजघर, सुरूच्या आकाराचे लाकडी खांब, तुळयांवर पेललेले कडीपाटाचे छत, आणि दोन खांबांमधल्या अंतरावरून म्हणजे खणांवरून सांगितली जाणारी घराची मोठाई. अशा वाड्यात मालकी अनेक वारसांत विभागलेली असते, भाडी १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने दीर्घकाळ गोठलेली राहिल्याने दुरुस्तीचा खर्च निघत नाही, आणि जागेला मिळणारा भाव वाड्याच्या विरोधात असतो. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीने इमारतींना श्रेणी दिल्या आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या ९४ इमारतींचा समूह २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला तो नागरिकांच्या गटांनी वर्षानुवर्षे केलेल्या पाठपुराव्यामुळे; लहान गावांना असे कवच नाही. तिथे वाडा पडणार हे ठरलेलेच असेल, तर पडण्यापूर्वी त्याची मापे, कोरीव कामाची छायाचित्रे आणि त्यात वाढलेल्या वृद्धांच्या तोंडून प्रत्येक खोलीचा उपयोग नोंदवणे, हेच करता येण्यासारखे काम उरते.

वाडा उतरवताना निघणारे कागद हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे. मोडी लिपीतील जमाखर्च, वतनाचे तंटे, पाहणीखर्डे यांचे गठ्ठे, ज्यांना सरसकट कुलकर्णी दप्तर म्हटले जाते, ते वाचता न आल्याने रद्दीत जातात किंवा जमिनीच्या दाव्यात उपयोगी पडतील या भीतीने कपाटात कुलूपबंद राहतात. ही भीती अनाठायी नाही, त्यामुळे कागद मागण्यापेक्षा मालकाच्या घरीच, त्याच्या देखत प्रत्येक पानाची प्रतिमा घेऊन मूळ कागद त्याच क्रमाने पुन्हा रुमालात बांधून देण्याची पद्धत अधिक फलदायी ठरते. प्रतिमेसोबत घराण्याचे नाव, गाव, तारीख, रुमालांची संख्या आणि कोणता कागद कोणत्या रुमालातला हे लिहिलेले असावे, आणि त्याची एक प्रत कार्यकर्त्याच्या भ्रमणध्वनीत न राहता तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात जमा व्हावी. मोडी शिकवणारे वर्ग आता अनेक शहरांत चालतात आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्यांना वाचण्यासाठी नवे कागद हवेच असतात.