बाडमेरचे पोस्टिंग

फौजेत बदलीचा हुकूम आला की 'का' असे विचारायचे नसते. ट्रंक भरायची आणि गाडी पकडायची. जसवंत सिंह यांनी 1966 मध्ये मेजर असताना फौज सोडली, पण ही सवय त्यांना सुटली नाही. राजकारणात तीन दशके पक्ष पाठवील तिथे ते गेले. घरचे पोस्टिंग त्यांनी मागितले ते एकदाच, वयाच्या शहात्तराव्या वर्षी. ते नाकारले गेले आणि त्यांची राजकीय कारकीर्द तिथेच संपली.

3 जानेवारी 1938 रोजी राजस्थानच्या अविभाजित बाडमेर जिल्ह्यातील जसोल गावी त्यांचा जन्म झाला. अजमेरचे मेयो कॉलेज आणि मग एनडीए, म्हणजे आपले खडकवासला, असे त्यांचे शिक्षण. 1957 मध्ये ते सेंट्रल इंडिया हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले. 1962 आणि 1965 या दोन्ही युद्धांचा काळ त्यांनी गणवेशात काढला. पुढे गणवेश गेला तरी खांद्यावर पट्ट्या असलेला बुशशर्ट राहिला. खर्जातला आवाज आणि तोलूनमापून बोललेले इंग्रजी ही संसदेत त्यांची ओळख बनली.

1980 मध्ये, भाजपच्या स्थापनेच्याच वर्षी, ते राज्यसभेत आले. 1989 मध्ये जोधपूरमधून, 1991 आणि 1996 मध्ये चित्तोडगडमधून ते लोकसभेवर निवडून गेले. संघाच्या शाखेतून न आलेला हा माणूस वाजपेयींच्या अगदी जवळचा होता. 1996 च्या तेरा दिवसांच्या सरकारात त्यांना अर्थखाते मिळाले. 1998 मध्ये मात्र चित्तोडगडला पराभव झाला, संघाचाही त्यांच्या नावाला विरोध होता, आणि त्या वेळी ते अर्थमंत्री झाले नाहीत. वाजपेयींनी त्यांना नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद दिले.

तिथे बसवलेल्या माणसाच्या हाती प्रत्यक्षात वेगळेच काम आले. मे 1998 मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेने निर्बंध लादले. जूनपासून जसवंत सिंह आणि अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री स्ट्रोब टॅलबट यांच्यात बोलणी सुरू झाली. ती सात देशांत मिळून चौदा वेळा झाली. अमेरिकेला हवी होती ती चाचणीबंदी करारावरची सही भारताने दिली नाही. तरी मार्च 2000 मध्ये क्लिंटन भारतात आले. आज भारत-अमेरिका मैत्रीचे श्रेय बरेच जण घेतात. त्या मैत्रीची पहिली चिकाटीची मेहनत या मेजरची होती.

डिसेंबर 1998 मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले आणि बरोबर वर्षाने कंदाहार घडले. 24 डिसेंबर 1999 रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले आयसी-814 विमान पळवले गेले. अमृतसर, लाहोर, दुबई असे करत ते कंदाहारला उतरले. तालिबानच्या राजवटीला भारताची मान्यता नव्हती आणि तिथे आपला दूतावासही नव्हता. प्रवाशांच्या बदल्यात मसूद अझहरसह तिघा दहशतवाद्यांना सोडण्याचा निर्णय सरकारने घेतला. 31 डिसेंबरला त्या तिघांना घेऊन गेलेल्या विमानातच जसवंत सिंह होते. ऐनवेळी काही अडले तर जागेवर निर्णय घेऊ शकेल असा माणूस तिथे हवा, हे त्यांचे कारण. प्रवासी सुटून घरी आले. पण देशाच्या मनात ठसले ते दहशतवाद्यांसोबत गेलेल्या परराष्ट्रमंत्र्याचे चित्र. अझहरने पुढच्याच वर्षी जैश-ए-मोहम्मद उभी केली आणि तो डाग आणखी गडद झाला.

निर्णय चूक की बरोबर, हा वाद संपणारा नाही. पण निर्णय सर्वांचा असताना बोल एकट्याने घेतला. तेव्हा गृहमंत्री असलेल्या अडवाणींनी नंतर सांगितले की जसवंत सिंह कंदाहारला जाणार हे आपल्याला माहीत नव्हते. त्यावर जसवंत सिंह कितीतरी दिवस गप्प राहिले. अडवाणींना ते ठाऊक होते, असे ते बोलले 2009 मध्ये, पक्षाने बाहेर काढल्यावर.

2001 मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांनी राजीनामा दिल्यावर काही महिने संरक्षण खातेही त्यांच्याकडे होते. जुलै 2002 मध्ये अखेर अर्थखाते मिळाले. विजय केळकर यांच्या करसुधारणा समित्या आणि वित्तीय तुटीला लगाम घालणारा 2003 चा कायदा हे याच काळातले. मे 2004 मध्ये सरकार गेले आणि ते राज्यसभेत विरोधी पक्षनेते झाले.

2006 मध्ये त्यांनी आपल्या बाडमेर जिल्ह्यातल्या मुनाबाव इथून सीमा ओलांडून यात्रेकरूंचा जथा बलुचिस्तानात हिंगलाज मातेच्या दर्शनाला नेला. गडहिंग्लजकरांना ही देवी कोण ते सांगायला नको. सीमेपलीकडच्या भूमीशी वाळवंटातल्या माणसांचे नाते फाळणीने तुटले नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असणार. ऑगस्ट 2009 मध्ये आलेले त्यांचे जीनांवरचे पुस्तकही फाळणीचा दोष एकट्या जीनांच्या माथी न मारता नेहरू आणि पटेलांकडेही बोट दाखवणारे होते. पक्षाची चिंतन बैठक सिमल्यात होती आणि तेही तिथे पोचले होते. पुस्तकावरून झालेल्या हकालपट्टीचा निरोप मिळाला तो फोनवरून. समोर बोलावून सांगायला हवे होते, एवढीच तक्रार त्यांनी केली. गुजरात सरकारने पुस्तकावर घातलेली बंदी उच्च न्यायालयाने काही दिवसांतच उठवली. त्याच वर्षी पक्षाने पाठवले म्हणून ते थेट दार्जिलिंगला जाऊन अडीच लाखांवर मताधिक्याने निवडून आले होते, हे मात्र त्या गदारोळात कुणाच्या ध्यानात राहिले नाही.

2010 मध्ये त्यांना परत घेतले गेले. 2012 मध्ये उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक त्यांना लढवायला लावली आणि अपेक्षेप्रमाणे ते हरले. मग 2014 आले. ही शेवटची निवडणूक, ती बाडमेरमधून लढू द्या, असे त्यांनी मागितले. तिकीट मिळाले नुकतेच काँग्रेसमधून आलेल्या कर्नल सोनाराम चौधरींना. जसवंत सिंह अपक्ष उभे राहिले आणि पक्षाने त्यांना दुसऱ्यांदा काढले. चार लाखांवर मते मिळवूनही मेजर कर्नलकडून सुमारे 87 हजार मतांनी हरले.

फौजेत हुकूम पाळणाऱ्याच्या पाठीशी हुकूम देणारा उभा असतो. राजकारणातही तसेच असेल असे धरून चालणे, ही त्यांची खरी चूक. 2014 च्या ऑगस्टमध्ये ते घरात पडले, डोक्याला जबर मार लागला आणि त्यानंतरची सहा वर्षे अंथरुणातच गेली. 27 सप्टेंबर 2020 रोजी दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले.