उडण्याआधी थांबण्याचा विचार

बिरसी विमानतळावर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. शिकाऊ विमान दिसले की आमच्या गोरेगावची मुले माना वर करतात. पण विमान घरीही बांधता येते! वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१७ साली त्याची नोंदणी झाली, २०२० साली ते धुळ्यात उडाले.

असे विमान बांधणाऱ्याला इंजिनाइतकाच ब्रेकचा विचार करावा लागतो. आधी वजन आणि उतरण्याचा वेग पाहायचा. वेग दुप्पट, तर ब्रेकवरचा भार चौपट. हाताच्या एका दांड्याने दोन्ही चाके धरणारा ब्रेक साधा आणि स्वस्त. दोन पायांना दोन वेगळे ब्रेक दिले, तर जमिनीवर वळायलाही मदत होते. मात्र शेपटीखाली चाक असलेल्या विमानात ब्रेक फार जोरदार असला, तर ते नाकावर आपटते. सायकलचा पुढचा ब्रेक करकचून दाबलेल्या मुलाला हे वेगळे सांगायला नको.

तेलही जपून निवडावे. विमानाच्या ब्रेकमध्ये बहुधा लाल खनिज तेल असते. त्याच्या रबरी सीलला मोटारीचे ब्रेक ऑइल चालत नाही. सील खराब होऊन ब्रेक ऐनवेळी दगा देतो.

पारखल्याशिवाय स्वीकारू नका, ही तथागतांची शिकवण इथेही लागू पडते. आमच्या वस्तीत गाड्या दुरुस्त करणारी पोरे आहेत. त्यांच्या हातात कसब आहे. पालकांनो, त्याला गणिताची आणि शाळेची जोड द्या. बाबासाहेबांनी शिका म्हटले, ते यासाठीच. जयभीम!