मुक्या जिवांना वाली कोण?



पोळ्याच्या आदल्या सांजेला आपण खांदेमळणी करतो. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतो. पण चार महिन्यांनी तोच बैल उसाच्या गाडीला जुंपलेला दिसतो. चढावर त्याचे गुडघे टेकतात, अन् मागून पराणीची आर टोचत असते. मग ती खांदेमळणी खरी, की ही आर खरी?

हा प्रश्न कायद्यानेही विचारला आहे. मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी 1874 साली संस्था निघाली आणि 1883 साली परळला जनावरांचे इस्पितळ उभे राहिले. पुढे स्वतंत्र भारतात राज्यसभेच्या सदस्या, प्रसिद्ध नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी या विषयावर विधेयक आणले. सरकार स्वतःच कायदा करील, असे आश्वासन पंतप्रधान नेहरूंनी दिले तेव्हा त्यांनी ते मागे घेतले. त्यातून 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्या कायद्यान्वये 1962 साली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले आणि रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. मंडळाची कचेरी पुष्कळ वर्षे चेन्नईस होती. आता ती हरियाणात बल्लभगढ येथे आहे.

हे मंडळ करते काय? गावोगावचे पांजरपोळ, गोशाळा आणि प्राण्यांची आश्रयस्थाने चालवितात त्या स्थानिक संस्था. मंडळ त्यांच्या पाठीशी उभे राहते. संस्था नोंदलेली असावी, हिशेब तपासलेले असावेत, जनावरांची नोंद नीट असावी. तपासणी होऊन मान्यता मिळाली म्हणजे अनुदानासाठी अर्ज करता येतो. चारा व औषधपाणी, गोठा बांधणे, आजारी जनावरांसाठी गाडी, पूर-दुष्काळासारखी आपत्ती, अशा कामांसाठी मदतीची तरतूद आहे. तिची गरज का, ते सोपे आहे. देणगीदार सणासुदीला आठवण काढतो, पण जनावराला वैरण रोज लागते!

दुसरे काम नियमांचे. ओझ्याच्या जनावरांसाठी 1965 साली केंद्र सरकारने नियम केले. ते प्रत्येक गाडीवानाला ठाऊक असावेत. 350 किलोंहून अधिक वजनाच्या मोठ्या बैलाने दुचाकी गाडीतून, हवेचे टायर नसतील तर 900 किलो आणि टायर असतील तर 1350 किलो, एवढेच वजन ओढावे. हा आकडा एका बैलाचा, जोडीला दुप्पट. बैल लहान असेल तर ओझेही कमी. लांबचा, मोठा चढ असेल तर ते निम्म्यावर आणावे. गाढवाच्या पाठीवर 50 किलोंहून अधिक नको. दिवसाकाठी नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको. उष्णता 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 जुंपू नये. आणि काठीला अणकुचीदार आर लावणे मनाई आहे, बरं का!

कोणी म्हणेल, "मजुरी टनावर मिळते, ओझं कमी केलं तर लेकरांनी खायचं काय?" प्रश्न खरा आहे. त्याचा सगळा भार एकट्या गाडीवानावर टाकणे न्यायाचे नाही. गाडी भरून घेणाऱ्यानेही काट्यावरचा आकडा पाहिला पाहिजे. गाडीची घडण सुधारून जनावराचा भार हलका कसा होईल, याचा सल्ला सरकारला देणे हेही कायद्याने मंडळाचेच काम ठरविले आहे. पण एवढे ध्यानात धरा: खांदा फुटलेला बैल आठ-पंधरा दिवस दावणीला बसला, तर जादा टनाची कमाई त्यातच जाते.

नुसत्या दंडाने हे साधेल, असेही नाही. 1960 च्या कायद्याने क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो 10 ते 50 रुपये. तेवढ्याने कोण भिणार? म्हणूनच दयाबुद्धीचे शिक्षण देणे हेही त्याच कायद्याने मंडळाकडे सोपविले आहे. दरवर्षी 14 जानेवारीपासून प्राणिकल्याण पंधरवडा पाळतात, तो यासाठीच.

गुरुजन हो, इथे तुमची गरज आहे. त्या पंधरवड्यात मुलांना घेऊन गावच्या हौदाशी जा. पाणी स्वच्छ आहे का, वासराचे तोंड तिथवर पोचते का, हे त्यांनाच पाहू द्या. कुत्र्याला दगड मारणाऱ्या पोराला रागे भरण्याऐवजी पाण्याचे मडके भरण्याचे काम द्या. जवळच्या पांजरपोळात एकदा सहल न्या.

आणि शेतकरी मंडळी, आज एकच करा. पराणीची आर काढून टाका. तसे केलेत, तर येत्या पोळ्याची खांदेमळणी खरी ठरेल.