खरेदीखताआडचे गहाण

खासगी कर्जाच्या तारणावरून उभे राहणारे बहुतेक दावे एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात: नोंदलेला दस्त विक्रीचा की कर्जाचा? सावकार खरेदीखत पुढे करतो. ऋणको सांगतो की जमीन विकलीच नव्हती. पैसे व्याजाने घेतले होते आणि सावकाराच्या भरवशासाठी कागद करून दिला होता. व्याजाचा दर कागदावर कुठेच नसतो, कारण तो तिथे येऊ नये म्हणूनच खरेदीखत केलेले असते.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ गहाणाचे सहा प्रकार सांगतो. गावाकडे त्यांपैकी तीनच परिचयाचे. नजरगहाणात ताबा मालकाकडे राहतो. कब्जेगहाणात सावकार जमीन कसतो आणि उत्पन्न व्याजापोटी घेतो. मुदत खरेदीत दस्त विक्रीचा असतो, पण ठरल्या मुदतीत रक्कम फेडली तर जमीन परत द्यायची अट असते. शहरात मूळ कागदपत्रे सावकाराकडे ठेवून कर्ज उचलण्याची पद्धत जुनी आहे. अशा व्यवहाराचा दस्त नोंदवावा लागत नाही, मात्र महाराष्ट्रात २०१३ पासून त्याची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते.

प्रकार कोणताही असो, कर्ज फेडून मालमत्ता सोडवून घेण्याचा हक्क याच कायद्याच्या कलम ६० ने दिला आहे आणि तो करारातल्या अटीने काढून घेता येत नाही. केवळ मुदत लांब आहे म्हणून अट रद्द होत नाही; १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८५ वर्षांची मुदत मान्य केली होती. कच्छमधल्या ९९ वर्षांच्या गहाणांबाबत मात्र १९८८ मध्ये त्याच न्यायालयाने मुदत संपण्याची वाट न पाहता मालकांना सोडवणुकीचा हक्क दिला. गरजवंताने कोणत्या परिस्थितीत सही केली, हे तिथे निर्णायक ठरले. सोडवणुकीच्या दाव्याला एरवी ३० वर्षांची मर्यादा आहे. कब्जेगहाणात केवळ ३० वर्षे उलटली म्हणून सावकार मालक होत नाही, असे २०१४ च्या सिंग राम निकालाने स्पष्ट केले.

कागद पाहायचा की व्यवहार, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः रोखे, गहाणखते आणि वह्यांवर होता. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव पडले होते, शेतसारा वाढला होता आणि दिवाणी न्यायालये नुसता कागद पाहून हुकूमनामे देत होती. चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. शेतकऱ्याला कर्जापायी दिवाणी तुरुंगात टाकणे त्याने बंद केले आणि देण्याघेण्याचा मूळ इतिहास तपासण्याची जबाबदारी न्यायाधीशावर टाकली. पुढे त्यात घातलेल्या कलम १०-अ मुळे, खरेदीखत हे प्रत्यक्षात गहाण होते का, याचा शोध पुराव्याच्या कायद्यातली आडकाठी बाजूला ठेवून घेता येऊ लागला. हे कलम काळाच्या फार पुढचे होते. कायदा रद्द झाल्यावर ऋणकोच्या हातातले ते हत्यार गेले.

दरम्यान मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १९२९ च्या दुरुस्तीने उलट दिशेचे पाऊल टाकले होते. जमीन परत देण्याची अट त्याच खरेदीखतात नसेल, तर तो व्यवहार गहाण मानायचा नाही, असे तिने ठरवले. हेतू वाद कमी करण्याचा होता. प्रत्यक्षात सावकारांना त्यातून पळवाट मिळाली: आज खरेदीखत, आणि फेरखरेदीचा करार वेगळ्या कागदावर, किंवा नुसताच तोंडी. अट एकाच दस्तात असेल तर काय पाहायचे, हे चुनचुन झा खटल्यात १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. दस्ताची भाषा, भोवतालची परिस्थिती, धनको-ऋणको नाते होते का, या सगळ्यांवरून हेतू ठरवायचा. किंमत बाजारभावापेक्षा फार कमी असणे किंवा ताबा विकणाऱ्याकडेच राहणे या गोष्टीही बोलक्या ठरतात.

अट दस्ताबाहेर असली की तोंडी पुराव्याची भिंत आडवी येते. लेखी कराराच्या विरुद्ध तोंडी पुरावा देता येत नाही, हा जुना नियम भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्येही कायम आहे. त्यातली फट गंगाबाई विरुद्ध छबूबाई निकालाने दाखवली: कराराच्या अटी बदलण्यासाठी तोंडी पुरावा चालत नाही, पण दस्त अमलात आणायचाच नव्हता, तो केवळ देखावा होता, हे सांगण्यासाठी चालतो. फरक बारीक आहे. दावा मांडताना ‘हे गहाण होते’ म्हणायचे की ‘ही विक्री नव्हतीच’, यावर पुढचे सारे अवलंबून राहते.

दिवाणी न्यायालयातली ही वाट लांब असल्याने महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ ने दुसरे दार उघडले. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तारणाच्या दृष्टीने कलम १८ महत्त्वाचे. अर्जाच्या तारखेआधीच्या १५ वर्षांत जमीन विक्री, गहाण, भाडेपट्टा किंवा अन्य मार्गाने सावकारीपोटी गेली असल्याचे जिल्हा निबंधकाला पटले, तर तो दस्त अवैध ठरवून ताबा ऋणकोला किंवा वारसांना परत देववू शकतो. हा निबंधक सहकार खात्याचा अधिकारी असतो. त्याच्यापुढे एकाच खरेदीखताचा आधार घेऊन भागत नाही. त्याच माणसाने त्याच सुमारास आणखी किती जणांच्या जमिनी लिहून घेतल्या, रक्कम बँकेतून आली की रोख, सातबाऱ्यावर फेरफार झाला तरी पेरणी कोण करत होते, हे पाहिले जाते. आदेशावर विभागीय निबंधकाकडे अपील करता येते आणि त्यानंतर प्रकरण बहुधा रिट अर्जाने उच्च न्यायालयात जाते. खरा खरेदीदारही या कलमात भरडला जाऊ शकतो, ही तक्रार निराधार नाही. भाव वाढल्यावर जुनी विक्री ‘सावकारी’ म्हणून उकरून काढण्याचा मोह होतो.

सर्वांत अवघड प्रकरण तिसऱ्या माणसाचे. सावकाराने जमीन पुढे विकली की नवा खरेदीदार म्हणतो, आपण सातबारा पाहून, पैसे मोजून, सद्‌भावनेने घेतली. अशा वेळी ताबा कामाला येतो. जमीन ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे त्याच्या हक्काची खरेदीदाराला जाणीव होती, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ३ गृहीत धरते. म्हणून खरेदीखत करून दिल्यावरही शेत स्वतःच कसत राहिलेल्या ऋणकोची बाजू भक्कम असते, आणि ताबा सोडून गाव सोडलेल्याची कमकुवत.